रेडटेल कॅटफिश : खायला काय, किती वेळा आणि टाकी केवढी?

नवीटाकी यांचा प्रश्न :

नमस्कार मंडळी,

माझ्या एका मित्राला घर बदलायचं होतं, म्हणून त्याचा रेडटेल कॅटफिश माझ्याकडे आलाय. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण २२ सेंमी भरतो. माझी टाकी ४ फुटी, म्हणजे १२० × ४५ × ४५ सेंमी. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) आहे, तापमान २६ अंशांवर ठेवलंय, तळाला बोटाच्या पेराएवढे गोटे आहेत. टाकीत तो एकटाच आहे.

मित्र त्याला रोज जिवंत छोटे मासे द्यायचा, बहुतेक गोल्डफिशच. मी पेलेट (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) टाकले तर मिशा लावून बघतो आणि निघून जातो. कोळंबी मात्र पडायचा अवकाश, गट्टम. रात्री दिवा मालवला की काचेपाशी येऊन वरखाली करत राहतो, आणि ते बघून उपाशी असेल असं वाटत राहतं.

तर प्रश्न असे : खायला किती वेळा द्यायचं? जिवंत माशांची सवय कशी मोडायची? या टाकीत तो किती दिवस राहू शकेल? आणि कमी खायला दिलं तर तो लहानच राहतो असं एकाने सांगितलं, ते खरं आहे का?

मासा फार देखणा आहे हो. काळी पाठ, पांढरा पट्टा आणि ती लालभडक शेपटी. त्याचं नीट व्हावं एवढीच इच्छा आहे.

---

निळीकाच :

अभिनंदन, मस्त मासा आहे! रोज थोडी कोळंबी द्या, खूश राहील. टाकीची फार काळजी करू नका. मासा टाकीच्या मापाने वाढतो असंच आजवर ऐकत आलोय. माझ्या ओळखीच्या एकांकडे ४ फुटी टाकीत शॉव्हलनोज (लांब चपट्या तोंडाचा मोठा कॅटफिश) आहे, बरीच वर्षं तेवढाच आहे.

---

तळ्यातली :

निळीकाच, तुमच्या टाकीच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण या एका समजुतीपायी किती रेडटेल वाया गेलेत ते मी पाहिलंय. मासा टाकीचं माप घेऊन वाढत नाही. लहान टाकीत वाढ खुंटते ती पाणी सतत घाण राहिल्याने, हलायला जागा नसल्याने आणि बरेचदा उपासमारीने. अशा माशाचं अंग आखूड, डोकं मोठं, कधी पाठीचा कणा वाकडा, आणि आयुष्य कमी. तुमच्या ओळखीच्यांचा शॉव्हलनोज बरीच वर्षं तेवढाच असेल तर तो मासा बरा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नवीटाकी, आता तुमच्याकडे वळते. मी मोठे कॅटफिश बरीच वर्षं पाळतेय, सध्या एक रेडटेल आणि दोन रॅफेल (लहान जातीचे कॅटफिश) आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हा मासा ॲमेझॉन, ओरिनोको आणि एसेक्विबो या नद्यांच्या खोऱ्यांतला. तिथे तो १.३ मीटरपर्यंत वाढतो, ५० किलोच्या पुढे गेलेलेही नोंदले गेलेत. घरच्या टाकीत इतका होत नसला तरी नीट सांभाळला तर पाऊण-एक मीटरचा होतो आणि १५ वर्षांहून जास्त जगतो. तुमचा २२ सेंमीचा आहे म्हणजे अजून पोर आहे. हे वय झपाट्याने वाढायचं. वर्ष-दीड वर्षात तो ५० सेंमीच्या आसपास गेला तर नवल वाटून घेऊ नका.

तुमच्या टाकीची अडचण लांबीची नाही, रुंदीची आहे. लोक ४ फुटी, ६ फुटी असं लांबीवरून बोलतात. पण रेडटेलचं डोकं रुंद आणि ताठ, तो सापासारखा वळत नाही. टाकीची रुंदी माशाच्या लांबीपेक्षा कमी झाली की प्रत्येक वळणाला नाक आणि मिशा काचेला घासतात. ४५ सेंमी रुंदी म्हणजे साधारण ३५ सेंमीच्या माशापर्यंत चालेल. तोवर पुढची सोय तयार हवी. पूर्ण वाढलेल्या रेडटेलसाठी मी ३०० × १५० × ७५ सेंमीपेक्षा लहान टाकी सुचवणार नाही. तिचा गुणाकार करा : ३३७५ लिटर. नुसतं पाणीच सव्वातीन टनांच्या वर, काच आणि स्टँड वेगळा. म्हणजे जमीन तेवढं वजन पेलेल का हे बांधकामाच्या जाणकाराला विचारूनच पुढचं पाऊल. एवढं जमणार नसेल तर जमेल अशा माणसाचा शोध आजपासून घ्या, मासा लहान आहे तोवर त्याला घ्यायला लोक तयार असतात. मोठे झालेले रेडटेल सार्वजनिक मत्स्यालयंही सहसा घेत नाहीत, त्यांच्याकडे आधीच पुरे झालेले असतात.

आता खाण्याचं.

रात्री काचेपाशी येऊन वरखाली करतो म्हणजे उपाशी आहे असं समजू नका. हे मासे रात्रीचेच, दिवा गेला की फिरायला लागतात. शिवाय कॅटफिशच्या तरंग-पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, म्हणून त्यांना ऐकू फार छान येतं. माझा रेडटेल झाकणाची कडी उघडल्याचा आवाज ओळखतो. दिवसभर पाइपाखाली हनुवटी वाळूवर टेकून पडलेला असतो, पण कडी वाजली की आधी मिशा पुढे येतात, मग डोकं. पोट भरलेलं असलं तरी येतो. निसर्गात पुढचं खाणं कधी मिळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे समोर आलं की गिळायचं हा त्याचा स्वभाव. तो मागतोय म्हणून द्यायचं नाही, हे मनाशी पक्कं करा. टाकीतल्या मोठ्या कॅटफिशला भुकेपेक्षा अति खाण्याचा धोका जास्त असतो.

तुमच्या माशाच्या मापाला दिवसाआड एकदा पुरे. ४० सेंमीच्या पुढे आठवड्यातून दोनदा. ६० सेंमीच्या पुढे आठवड्यातून एकदा, आणि एखादा आठवडा चुकला तरी काही बिघडत नाही. किती द्यायचं याची खूण पोटात आहे : खाल्ल्यावर वरून पाहिलं तर कल्ल्यांच्या मागे अंग किंचित भरलेलं दिसावं. चेंडूसारखं फुगलं तर जास्त झालं. दुसऱ्या खेपेला पोट अजून उतरलेलं नसेल तर ती खेप सोडून द्या. पण कमी खायला घालून त्याला लहान ठेवायचा विचार करू नका. वाढत्या वयातल्या माशाला ती उपासमारच.

गोल्डफिश आजच बंद करा. त्यांच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब १ जीवनसत्त्व मोडून टाकतं. महिनोन्‌महिने त्यावरच ठेवलेल्या माशाची भूक मंदावते, तोल जातो, झटके येतात. गोठवून दिले तरी ते विकर तसंच राहतं, फक्त शिजवल्याने नष्ट होतं. शिवाय गर्दीत कोंबून ठेवलेल्या स्वस्त फीडर (खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या) माशांबरोबर परजीवी फुकट येतात. गुरांचं मांस, काळीज हेही नको. त्या चरबीची सवय या माशांच्या शरीराला नाही, यकृतावर चरबी चढते. द्यायचं काय, तर बुडणारे पेलेट हा पाया, आणि जोडीला कोळंबी, शिंपल्यांचं मांस, तिलापियासारख्या पांढऱ्या माशाचे तुकडे, गांडुळं. कोळंबीतही काही जातींत थायमिनेज असतं, म्हणून ती रोजचं जेवण करू नका, आणि निळीकाच यांनी सांगितलेली रोजची खेपही नको. निसर्गात हा खेकडे खातो, पाण्यात पडलेली फळंसुद्धा खातो, त्यामुळे विविधता त्याला मानवते.

पेलेटवर आणायची माझी पद्धत सांगते. आधी काही दिवस काहीच द्यायचं नाही. २२ सेंमीच्या धडधाकट माशाला आठवडाभराचा उपास सहज सोसतो. मग दिवा मालवल्यावर चिमट्याने मेलेल्या कोळंबीचा तुकडा, जिवंत काही नाही. तो घ्यायला लागला की कोळंबीला पाठीवर उभी चीर द्या, आत एक पेलेट खोचा आणि चीर बोटांनी दाबून बंद करा. पेलेट आधी कोळंबीच्या वितळलेल्या पाण्यात थोडा भिजवायचा, म्हणजे मऊही होतो आणि वासही लागतो. कॅटफिशच्या मिशांवर आणि सगळ्या कातडीवर रुचिकलिका असतात, चॅनल कॅटफिशच्या अंगावर तर त्या लाखाहून जास्त असतात. म्हणजे पेलेटला मिशी लागली की त्याने तो चाखलेला असतो आणि नापसंत केलेला असतो. वास बदलला की मत बदलतं. पुढे कोळंबीचा तुकडा लहान आणि पेलेट मोठा करत जा. मध्येच त्याने तोंड फिरवलं तर जिवंत मासा देऊन मोकळे होऊ नका, दोन दिवस थांबा आणि पुन्हा तेच द्या. न खाल्लेलं तासाभरात बाहेर काढायचं.

पाण्याचा हिशेब मुद्दाम मांडून दाखवते, कारण खाणं आणि टाकी हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. समजा पेलेटमध्ये ४५ टक्के प्रथिनं आहेत. प्रथिनाचा १६ टक्के भाग नायट्रोजन. म्हणजे १०० ग्रॅम पेलेटमध्ये सुमारे ७ ग्रॅम नायट्रोजन. त्यातला अर्धा जरी कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात आला आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनी त्याचा आधी नायट्राइट, मग नायट्रेट केला, तर साधारण १६ ग्रॅम नायट्रेट तयार होतो. तुमच्या २४० लिटरच्या टाकीत तो लिटरला ६५ मिलिग्रॅमच्या वर जातो. २००० लिटरच्या टाकीत तोच ८. आज तुमच्या माशाला १०० ग्रॅम संपवायला बरेच दिवस लागतील. मोठा झाल्यावर तेवढं एका बैठकीत संपवेल.

म्हणून टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० च्या आत, २० च्या आत राहिला तर उत्तम. दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन घालवून.

आणि हो, ते गोटे काढा. याच आठवड्यात.

---

नवीटाकी :

ताई, इतकं मनापासून लिहिलंत, फार आभार. गोल्डफिश बंद केले. पण गोट्यांचं तुम्हाला कसं कळलं? तुमचं वाचल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने एक गोटा ओकून काढला! पोट थोडं फुगलेलं होतंच, मला वाटलं कोळंबी जास्त झाली. अजून आत असतील का? काही औषध द्यायचं का?

---

तळ्यातली :

रेडटेलच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. तो तोंडात पाण्याचा झोत ओढून घेतो, भक्ष्याबरोबर आजूबाजूचं सगळं आत जातं. गोटे, सक्शन कप, प्लॅस्टिकची झाडं, थर्मामीटर, काहीही. बहुतेक वेळा आपणहून ओकून टाकतो. तुम्ही फक्त उरलेले गोटे उचला, आठवडाभर काही खायला देऊ नका आणि पोटाकडे लक्ष ठेवा. तोंडात चिमटा घालायचा प्रयत्न करू नका. पोट उतरलं नाही, किंवा तो एका कुशीवर कलू लागला, तर माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला दाखवा.

मनाने औषध नको. कॅटफिशला खवले नसतात, कातडी उघडी असते, त्यामुळे तांब्याची औषधं, मॅलाकाइट ग्रीन यांचा त्रास त्यांना इतर माशांपेक्षा लवकर होतो. खरंच वेळ आली तर अर्ध्या मात्रेपासून सुरुवात करतात, तेही रोग कोणता ते ठरल्यावर.

तळाला बारीक वाळू किंवा काहीच नाही. मोठे दगड ठेवायचे तर त्याच्या तोंडाच्या दुप्पट मापाचे, आणि ते घसरून काचेवर येणार नाहीत असे. हीटर टाकीत असेल तर त्याला जाळीचं आवरण घाला. मोठा रेडटेल शेपटीच्या एका फटक्यात काचेचा हीटर फोडू शकतो. पुढे सम्प (फिल्टरची वेगळी टाकी) केलात तर हीटर तिकडेच ठेवा, प्रश्नच मिटतो.

---

शेवाळ :

वाचतोय, छान चर्चा. माझ्याकडे दोन पंगास आहेत, दुकानात 'शार्क' म्हणून मिळाले. १२ सेंमीचे आहेत. त्यांनाही हेच सगळं लागू का? दार उघडलं तरी काचेवर धडकतात.

---

तळ्यातली :

खाण्याचं बरंचसं लागू, पण पंगासचा स्वभाव अगदी वेगळा. तो तळाशी पडून राहणारा नाही. मेकाँग आणि चाओ फ्राया या मोठ्या नद्यांत थव्याने लांब लांब पोहणारा मासा आहे, १.३ मीटर आणि ४४ किलोपर्यंत होतो. त्याच वंशातला मेकाँगचा महाकाय कॅटफिश २००५ मध्ये थायलंडमध्ये सापडला होता तो २९३ किलोचा. यावरून खानदान लक्षात घ्या.

त्याची नजर अधू असते आणि घाबरला की सरळ रेषेत सुटतो. समोर काच आली की नाक फुटतं. दिवा एकदम लावू-मालवू नका, आधी खोलीतला लावा, मग टाकीतला. मागच्या आणि बाजूच्या काचांना गडद कागद चिकटवा. झाकण वजनदार हवं. पण हे सगळं तात्पुरतं आहे. त्याला थवा लागतो आणि थव्याला तळं लागतं. माझं स्पष्ट मत असं की पंगास घरच्या टाकीसाठी विकायलाच नको.

ज्यांना मिशावाला मासा हवाच आहे त्यांनी उलटा पोहणारा सिनोडोंटिस बघावा, १० सेंमीचा होतो. ब्रिसलनोज १२-१५ सेंमी. रॅफेल २० च्या थोडा पुढे जातो, आणि छातीचे पर खोबणीत घासून कुरकुर असा आवाज काढतो. माझ्याकडचे दोघं जागेवरून भांडताना तो आवाज काचेबाहेर ऐकू येतो. ४ फुटी टाकीत हे तिन्ही आयुष्यभर सुखाने राहतात. टाकीतलं शेवाळ खायला म्हणून साधा प्लेको (काचेला तोंडाने चिकटणारा कॅटफिश) मात्र आणू नका, तो ४०-५० सेंमीचा होतो.

मोठा झाला म्हणून नदीत किंवा तळ्यात सोडणं तर कुणीच करू नये. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निल्यो धरणात सोडलेल्या प्लेकोंनी तिथली तिलापियाची मासेमारी बसवली. मासेमारांच्या जाळ्यात तेच येऊ लागले. काठात बिळं करतात ते वेगळंच.

---

निळीकाच :

वाढीचं मला खरंच माहीत नव्हतं. ओळखीच्यांना हा धागा पाठवतोय.

---

नवीटाकी :

बातमी सांगायची राहिली. आणखी एक गोटा बाहेर आला, पोट पूर्ण उतरलं. वाळू टाकली. आणि काल रात्री त्याने नुसता पेलेट घेतला, कोळंबीशिवाय! आधी एका मिशीने हलवला, मागे सरला, मग वळून आला आणि ओढला. मी अंधारात श्वास रोखून बसलो होतो.

दुसरं म्हणजे जागा. एवढी मोठी टाकी माझ्या घरात होणार नाही, हे मोजमाप घेतल्यावर कळलं. पण एका ओळखीच्यांकडे घरातच सिमेंटचं तळं आहे, ४ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, पाणी तापवायची सोय आहे, आत मोठे मासेच आहेत. मासा ३० सेंमीचा झाला की घेतो म्हणाले. तोवर माझ्याकडेच. नेताना काय काळजी घ्यायची? जाळीने पकडू का?

---

तळ्यातली :

पेलेटचं वाचून फार बरं वाटलं! आता कोळंबी आठवड्यातून एकदाच.

तळ्याची जागा चांगली वाटतेय. त्यांना दोन गोष्टी विचारा : आतले मासे किती लांबीचे आहेत, आणि फिल्टर केवढा आहे. रेडटेल स्वतःच्या निम्म्या मापाचा मासा गिळायला बघतो, आणि त्याच्या दुपटीचा कोणी आत असेल तर उलटंही होऊ शकतं.

जाळी अजिबात नको. पाठीच्या आणि छातीच्या परांना करवतीसारखे दाते असलेला एकेक जाड काटा असतो, घाबरला की ते काटे उभे करून खिळवून टाकतो. जाळीत अडकले की सोडवताना काटा तरी मोडतो नाहीतर तुमचा हात तरी फाटतो. टाकीतलं पाणी फुटभरावर आणा, एक मोठा प्लॅस्टिकचा डबा आडवा बुडवा आणि एका रुंद फळीने माशाला हळूहळू त्यात जायला लावा. मग पाण्यासकट उचला, दोघांनी मिळून. नेण्याआधी दोन दिवस खायला बंद. भरल्या पोटी हलवला तर वाटेत ओकतो आणि त्याच पाण्यात त्याला श्वास घ्यावा लागतो. डब्याला घट्ट बसणारं झाकण, झाकणाला भोकं, बॅटरीवरचा एअर पंप आणि वरून जाड चादर, अंधारात तो शांत राहतो.

तिथे पोचल्यावर तळ्याचं पाणी मगमगाने डब्यात घालत तासभर घ्या, तापमान आणि पीएच दोन्ही सावकाश जुळू द्या. डब्यातलं पाणी तळ्यात ओतू नका. पहिले तीन-चार दिवस त्याने काही खाल्लं नाही तरी चालेल, आणि तो दिसेनासा झाला तर आधी पाइपांच्या मागे बघायला सांगा.